रक्तवाहिनी जोडायला कसं शिकायचं

आतड्याची जोडणी गळते आहे हे कळायला चार-पाच दिवस जातात. रक्तवाहिनीचा निकाल क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, सोडल्या सोडल्या लागतो. बोटाखाली नाडी उडते, नाहीतर उडत नाही. त्यामुळे एरवी सफाईने काम करणाऱ्या रेसिडेंटचे हातही पहिल्या धमनीवर आखडतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पायऱ्या पाठ करायला लावत नाही. प्रत्येक पायरी कुणी शोधली आणि त्याच्यापुढे नेमकी कोणती अडचण होती, ते सांगते. कारण ठाऊक असलं की पुस्तकात नसलेली जखम समोर आली तरी हात योग्य जागी जातो.

सुईला हात लावण्याआधी घड्याळ बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या धमनीच्या २,४७१ जखमांचा हिशेब मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमिओन यांनी १९४६ साली मांडला. त्यातल्या फक्त ८१ जखमांत जोडणीचा प्रयत्न झाला होता. बहुतेकांची धमनी बांधून टाकली गेली, आणि अशांपैकी जवळपास निम्म्यांचा हात किंवा पाय गेला. जोडायचं कसं हे तोवर चाळीसेक वर्षं माहीत होतं. पण जखमी माणूस टेबलावर येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असे. कोरियाच्या युद्धात जखमी लवकर पोचू लागले, रक्त आणि अँटिबायोटिक हाताशी होते आणि जोडणी नेमाने होऊ लागली. तेव्हा अवयव गमावण्याचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणून रक्तपुरवठा तुटलेला पाय आला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘किती वाजता लागलं?’ स्नायूला साधारण सहा तास मिळतात. बोटं हलवता येतात का आणि स्पर्श कळतो का, हे स्वतः तपासा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

हात कसा तयार करायचा

१८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, कापली गेली होती. शहरातले नामवंत सर्जन हजर होते, पण अशी शीर शिवता येते असं तेव्हा कुणीच मानत नव्हतं. कार्नो गेले. त्याच शहरात वैद्यकी शिकणारा अलेक्सिस कॅरेल नावाचा तरुण मात्र म्हणत राहिला की शीर शिवता आली असती. तो लिऑनमधल्या मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुईने बारीक टाका कसा घालायचा ते शिकला. कागदावर असा टाका घालायचा सराव तो करी की दोऱ्याचा मागमूस दिसू नये, असं सांगतात. १९०२ साली त्याने आपली पद्धत छापली आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. पुढच्या आयुष्यात माणसांच्या प्रतवारीबद्दल त्याने जे लिहिलं ते घातक होतं, आणि तेही मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. टाका मात्र त्याच्याकडूनच शिकायचा.

सराव तुम्हीही कागदापासूनच सुरू करा. पातळ कागदाचे दोन तुकडे कडेला कड लावून ६-० पॉलिप्रॉपिलीनच्या दोऱ्याने शिवा (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक). कागद दया दाखवत नाही. सुई जराही तिरकी ओढली की फाटतो, आणि नेमकं तेच निरोगी नसलेल्या धमनीत होतं. कागद फाटायचा थांबला की सर्जिकल हातमोज्याचं बोट कापून नळी करा आणि ती जोडा. त्यानंतर कोंबडीच्या मांडीतली धमनी घ्या. ती इतकी लहान असते की लूप्सशिवाय, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या भिंगांशिवाय, काम होत नाही, आणि लूप्सची सवय टेबलावर उभं राहण्यापूर्वीच व्हायला हवी. बसून सराव करणार असाल तर मनगट आणि करंगळीची कड टेबलाला टेकलेली ठेवा. थरथर बोटांत क्वचितच असते. बहुतेक वेळा ती अधांतरी धरलेल्या कोपरातून येते. ऑपरेशनच्या वेळीही टेबलाची उंची स्वतः ठरवा, संकोच करू नका. कोपर अंगाजवळ आणि काटकोनात राहील इतकं टेबल हवं.

नीडल होल्डर, म्हणजे सुई पकडायचं हत्यार, पेन्सिलीसारखा धरायचा. कॅस्ट्रो हा त्यातला नाजूक प्रकार वापरलात तर उत्तमच. सुई तिच्या वळणाच्या वाटेनेच फिरवायची. ढकलायची नाही, मनगट वळवायचं. डाव्या हातानेही हे जमायला हवं, कारण मांडीच्या खोल कोपऱ्यात उजवा हात पोचत नाही असे टाके हमखास येतात.

ताबा आधी, जखम नंतर

रक्ताची गुठळी जिथे धरली आहे तिथे बोट घालण्याचा मोह टाळा. आधी जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, धमनी मोकळी करा आणि तिच्याभोवती रबरी लूप टाका. मग जखमेच्या खालीही तसाच लूप टाका. मधल्या फांद्यांना विसरू नका. दोन्हीकडे क्लॅम्प लावूनही मैदान रक्ताने भरत असेल, तर मागच्या बाजूने निघालेली एखादी फांदी राहिलेली असते.

क्लॅम्प लावण्याआधी धमनी दोन बोटांत धरून चाचपा. कॅल्शियम साचलेली जागा कडक लागते आणि बहुधा मागच्या भिंतीत असते. क्लॅम्पच्या जबड्यांची दिशा अशी निवडा की मऊ भिंत त्या कडक भिंतीवर दाबली जाईल. उलट दिशेने लावलात तर ती कडक पट्टी तडकते आणि आतलं अस्तर सुटतं. क्लॅम्प रक्त थांबेपर्यंतच आवळायचा, त्यापुढे एक खाचही नाही.

क्लॅम्पच्या आधी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. प्रौढ माणसाला साधारण दर किलोला ७० ते १०० युनिट शिरेतून द्यायचे आणि तीन ते पाच मिनिटं थांबायचं. ही मिनिटं भूलतज्ज्ञाला मोठ्याने मोजायला सांगा. अनेक ठिकाणी जखमा असतील किंवा डोक्याला मार असेल, तर हा डोस वरिष्ठांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा वेळी हेपॅरिनचं सलाईन फक्त धमनीत सोडून भागवता येतं.

हेपॅरिनची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९१६ साली जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी बाल्टिमोरला विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला उलट गोठणं थांबवणारा अर्क सापडला. माणसात वापरण्याजोगं औषध व्हायला त्यानंतर जवळपास वीस वर्षं गेली. ते हाती आलं म्हणून लिस्बनच्या जुआंव सिद दुश सांतुश यांना १९४६ साली बुजलेली धमनी उघडून आतला थर खरवडून काढता आला. तोवर सगळे समजत होते की अस्तर नसलेली धमनी लगेच गोठणार. ती उघडी राहिली. आज मानेतली कॅरोटिड साफ करताना आपण तीच वाट चालतो.

टाका

सगळा जीव इथे ओता.

धमनीला तीन थर असतात, आणि रक्ताला त्यातला फक्त आतला, इंटिमा, चालतो. बाहेरच्या थराचा एखादा धागा आत लोंबकळत राहिला तर त्याच्यावर गुठळी धरते. म्हणून कापलेल्या टोकावरचा तो सैल जाळीदार थर थोडा ओढून कात्रीने छाटायचा. तो आखडून मागे जातो आणि कड स्वच्छ दिसते. फोरसेपने, म्हणजे चिमट्याने, धरायचा तो हाच बाहेरचा थर. इंटिमाला चिमटा लावायचा नाही. हाताखाली बहुतेक डिबेकी फोरसेपच असेल, आणि त्याचे दात भिंत कमीत कमी चिरडली जावी असे घडवलेले आहेत. तरीही दाबाल तर चिरडेलच. मी शिकवताना सांगते की फोरसेपने धरू नका, फक्त टेकू द्या. एक टोक आत, एक बाहेर, आणि भिंत त्यांच्यामध्ये नुसती उभी.

सुई भिंतीत काटकोनात शिरली पाहिजे. मांडीतल्या धमनीला ५-०, गुडघ्यामागे ६-०, पोटरीच्या खाली ७-० दोरा. कडेपासून सुमारे एक मिलिमीटर, दोन टाक्यांतही तेवढंच अंतर. महाधमनीत दोरा ३-० आणि घास, म्हणजे सुईत घेतलेली भिंत, मोठा. कीड लागलेल्या धमनीत सुई आतून बाहेर आलीच पाहिजे. बाहेरून आत घातलीत तर सुईचं टोक कडक थराला भिंतीपासून सुटं करतं, आणि तो सुटलेला पदर रक्ताच्या धारेत उघडून धमनी बंद करतो. ग्राफ्टमध्ये, म्हणजे जोडायला घेतलेल्या शिरेच्या किंवा कापडाच्या नळीत, बाहेरून आत, धमनीत आतून बाहेर, हा क्रम हाताला इतका बसू द्या की उलटं केलं तर अस्वस्थ वाटावं.

टोकाला टोक जोडताना कॅरेलचे तीन टाके आठवा. गोल तोंडाच्या परिघावर सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते तिन्ही दिशांना ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो. प्रत्येक बाजू सरळ रेषेत येते आणि मागची भिंत सुईत सापडण्याचा धोका कमी होतो. धमनी लहान असेल तर दोन्ही टोकं तिरकी कापून मगच जोडा, म्हणजे जोड अरुंद होत नाही.

बायपासमध्ये, म्हणजे बुजलेल्या भागाला वळसा घालताना, बहुधा ग्राफ्टचं टोक धमनीच्या बाजूला जोडतात. ग्राफ्टचं तोंड तिरकं कापून धमनीत लांबट छेद घ्यायचा, ११ नंबरच्या पात्याने सुरुवात आणि पॉट्स कात्रीने लांबी. टाच आणि पंजा, म्हणजे जोडाची दोन टोकं, सगळ्यात नाजूक. जोड तिथेच अरुंद होतो आणि गळतोही तिथेच. टाचेचे चार-पाच टाके ग्राफ्ट दूर ठेवूनच घाला, सगळे डोळ्यांनी मोजा, मग दोरा ओला करून हलकेच ओढत ग्राफ्ट खाली उतरवा. पंजाकडे पोचताना घास लहान करा. शेवटचे टाके घट्ट करण्याआधी एक डायलेटर, म्हणजे गुळगुळीत टोकाची सळई, दोन्ही दिशांना घालून बघा. सहज गेला पाहिजे.

दोरा धरणारा सहाय्यक जोडणाऱ्याइतकाच जबाबदार आहे. रेसिडेंट म्हणून तुमच्या वाट्याला पहिल्यांदा हेच काम येईल, आणि मी माणूस जोखते ती इथे. दोरा एकाच ताणाने धरायचा, पुढच्या टाक्याच्या दिशेने, सर्जनच्या नजरेआड न जाता. ढिला पडला तर रक्त झिरपतं. जोरात ओढलात तर बटव्याची नाडी ओढल्यासारखं तोंड आवळलं जातं. पॉलिप्रॉपिलीनला नीडल होल्डरने किंवा फोरसेपने पकडू नका. त्यावर पडलेली खाच दिसत नाही आणि दोरा नंतर तुटतो. गाठ मारताना बोटं ओली ठेवा. हा दोरा गुळगुळीत असतो, सहा-सात फेऱ्या द्याव्याच लागतात.

क्लॅम्प सोडताना

शेवटची गाठ मारण्याआधी खालचा क्लॅम्प क्षणभर उघडा, मागून रक्त येतंय ना बघा. मग वरचा क्षणभर उघडून साचलेली गुठळी, हवा, कचरा बाहेर धुवून टाका. हेपॅरिनच्या सलाईनने आत स्वच्छ करा, मग गाठ. कॅरोटिडमध्ये क्रम असा: आधी चेहऱ्याकडे जाणारी एक्स्टर्नल, मग खालची कॉमन, आणि काही ठोके गेल्यावरच मेंदूकडची इंटर्नल. राहिलेला कण जायचाच असेल तर तो गालाकडे जावा.

पायाचा रक्तपुरवठा बराच वेळ बंद असेल तर क्लॅम्प सोडण्याआधी भूलतज्ज्ञाला सांगा. मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे येतं. सहा तास उलटून गेले असतील तर पोटरीतल्या स्नायूंचे चारही कप्पे उघडून ठेवायचा निर्णय तिथेच घ्या, सकाळवर ढकलू नका.

सुईच्या भोकांतून रक्त येईल. गॉज ठेवा, हलका दाब द्या, आणि खरोखर पाच मिनिटं उचलून बघू नका. घाईने घातलेला जादा टाका नवीन दोन भोकं पाडतो. धार उडत असेल तरच टाका घालायचा, आणि तोही क्लॅम्प पुन्हा लावून, भिंतीवरचा ताण काढून.

शीर की कापड

१९४८ साली पॅरिसमध्ये जाँ कुनलॅं यांनी मांडीतली सॅफेनस शीर काढून बुजलेल्या धमनीला वळसा घातला. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी लावली. आजही कंबरेखाली ही शीर सगळ्यात चांगली. काढताना तिच्या भिंतीला हात लावू नका, आजूबाजूच्या चरबीसकट उचला. सिरिंजने जोरात फुगवू नका, आतलं अस्तर सोलतं. फुगलेली असतानाच तिच्या लांबीवर शाईची एक रेघ ओढा. बोगद्यातून ओढताना पीळ पडला का, ते त्या रेघेवरून लगेच दिसतं.

मोठ्या धमन्यांसाठी कापडाची नळी. तिची सुरुवात एका सुटलेल्या टाक्यातून झाली. न्यूयॉर्कला आर्थर व्होर्हीस यांना एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी दोरा काही महिन्यांनी चकचकीत अस्तराने झाकलेला दिसला. दोऱ्यावर अस्तर चढतं तर कापडावरही चढेल, या तर्कावर त्यांनी व्हिनियॉन कापडाच्या नळ्या करून पाहिल्या आणि १९५२ साली ते प्रसिद्ध केलं. पुढे डिबेकींनी शिवणयंत्रावर डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. २००६ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांची स्वतःची फाटलेली महाधमनी त्यांच्याच सहकाऱ्यांनी कापडाच्या ग्राफ्टने दुरुस्त केली.

गुठळी काढताना

अचानक थंड पडलेल्या पायातली गुठळी काढायला पूर्वी धमनी ठिकठिकाणी उघडावी लागे, आणि पाय तर जाईच, बरेचदा माणूसही जाई. टॉमस फोगार्टी विद्यार्थी असल्यापासून ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून हे बघत होते. त्यांनी हातमोज्याच्या बोटाचं टोक एका कॅथेटरला, म्हणजे बारीक नळीला, बांधून फुगा केला. लॅटेक्स प्लास्टिकला चिकटेना, तेव्हा मासेमारीचे गळ बांधायची त्यांची लहानपणची गाठ कामी आली. १९६३ साली हे प्रसिद्ध झालं.

वापरताना एक नियम पाळा. फुगा फुगवणारा हात आणि कॅथेटर ओढणारा हात एकाच माणसाचे हवेत. एकाने फुगवायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, असं केलं की भिंतीची ओढ कुणालाच कळत नाही आणि अस्तर सोलून येतं. मांडीत ४ नंबर, पोटरीत ३. आत घालण्याआधी फुगा बाहेर तपासा. रिकामाच खाली सरकवा, ओढताना फुगवा, ओढ वाढली की सलाईन थोडं परत घ्या. दोनदा काहीच न येता मागून रक्त आलं तर थांबा. शक्य असेल तर टेबलावरच अँजिओग्राम, म्हणजे धमन्यांचा एक्स-रे, करा, कारण मागून आलेलं रक्त फांदीतूनही येऊ शकतं.

आणि प्रत्येक पाय उघडायचाच असं नाही. १९६४ साली पोर्टलँडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने पाय कापू द्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची अरुंद धमनी कॅथेटरने रुंद केली. पाय वाचला. तारेचं आणि फुग्याचं काम मनापासून शिका, ते याच कौशल्याचं दुसरं अंग आहे.

पहिली जोडणी कोणती

माझ्याकडे पहिली पूर्ण जोडणी मनगटावरच्या डायलिसिस फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर धमनीला जोडण्याची, असते. १९६६ साली न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला ब्रेशिया आणि सिमिनो यांचं नाव लागलं. ऑपरेशनं करणारे सर्जन केनेथ अ‍ॅपल यांचं नाव बोलण्यात कुणी घेत नाही, मी मुद्दाम घेते.

आदल्या दिवशी स्वतः डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करा. शीर आणि धमनी दोन्ही किमान दोन मिलिमीटर हव्यात. अ‍ॅलन टेस्ट करून हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त मिळतंय याची खात्री करा. शीर मोकळी करून तिचं टोक रेडियल धमनीच्या बाजूला जोडा, छेद आठेक मिलिमीटर. शीर धमनीकडे वळते तिथे घडी पडू देऊ नका. क्लॅम्प सोडल्यावर शिरेवर बोट ठेवा. सलग थरथर लागली तर काम झालं. नुसता ठोका लागत असेल तर वर कुठेतरी वाट अडलेली आहे. त्वचा शिवण्याआधी शिरेचा वरचा भाग तपासा, आधी पीळ बघा, मग एखादा राहून गेलेला पट्टा.

पेशंटला वॉर्डमध्ये पाठवताना केसपेपरवर लिहा की या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. पेशंटला स्वतःचं बोट ठेवून ती थरथर ओळखायला शिकवा, रोज सकाळ-संध्याकाळ तपासायला सांगा, आणि थांबली तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी यायला सांगा. शीर सुयांसाठी तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर डायलिसिसवाल्यांनी कितीही घाई केली तरी सुई घालू देऊ नका.